अहिल्याबाईंच्या सिनेमात चौंडी किती असणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा, पटलं नाही तर खाली भांडा, पण वाचून भांडा.

६ मे २०२५ ला आख्खं मंत्रिमंडळ आपल्या चौंडीत बसलं होतं, आठवतंय ना? अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं होत होती, त्याचं निमित्त. हेलिकॉप्टर, मंडप, गाड्यांच्या रांगा सगळं झालं. चौंडीच्या स्मृतिस्थळासाठी ६८१ कोटींचा आराखडा मंजूर झाला, त्याच्या बातम्या सगळ्यांनी शेअर केल्या. त्याच बैठकीत आणखी एक निर्णय झाला, त्यावर मात्र आपल्याकडं चर्चा फार कमी झाली. अहिल्याबाईंच्या जीवनावर अनेक भाषांत चित्रपट काढायचं सरकारनं ठरवलं.

आता रस्ता, घाट, भक्तनिवास यांचं एक बरं असतं. काम खराब झालं तर डोळ्यांना दिसतं, आपण बोंब मारू शकतो. सिनेमाचं तसं नाही. पडद्यावर एकदा जी अहिल्या उभी राहील तीच पुढची वीस-तीस वर्षं शाळेच्या गॅदरिंगमध्ये, जयंतीच्या रथावर, फ्लेक्सवर आणि पोरांच्या डोक्यात राहणार. म्हणून हे बोलणं आधी झालेलं बरं. सिनेमा आल्यावर थिएटरबाहेर निदर्शनं करून काही होत नाही, त्यानं फक्त तिकिटं जास्त खपतात.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. अहिल्याबाईंची गोष्ट ही परमुलखात गेलेल्या एका नवरीची गोष्ट आहे. ती ज्या मातीतून गेली ती माती आणि ज्या माणसांत गेली ती माणसं, दोन्ही पडद्यावर दिसली पाहिजेत. नुसती पांढरी साडी, हातात शिवलिंग आणि मागं शंखाचा आवाज, एवढ्यावर भागवू नये.

'परमुलूख' हा शब्द मी उगाच वापरत नाही. १७२५ ला चौंडीच्या पाटलाच्या, माणकोजी शिंद्यांच्या घरात ही मुलगी जन्मली. १७३३ ला मल्हारराव होळकरांच्या खंडेरावाशी लग्न झालं. वय आठ. चौंडी ते इंदूर आजच्या रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या वर भरतं. वाटेत गोदावरी, तापी, नर्मदा. सातपुडा चढायचा, उतरायचा, मग विंध्य. भाषा बदलते, भाकरीचं पीठ बदलतं, पाऊसपाण्याचा हिशेब बदलतो. आज आपली पोरगी नोकरीला बंगळूरला गेली तरी आई रोज व्हिडिओ कॉल करते. त्या पोरीला माहेरचा निरोप यायला किती दिवस लागत असतील?

आणि ज्या घरात ती गेली ते घरही तिथं नवंच होतं. होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे. मल्हारराव वाढले खानदेशात तळोद्याला, मामाच्या घरी. माळव्यात त्यांचा जम बसून जेमतेम काही वर्षं झाली होती. तिथल्या लोकांच्या लेखी हे सगळे दक्षिणी, म्हणजे बाहेरून आलेले. म्हणजे बाहेरून आलेल्या घरात बाहेरून आलेली सून. आणि हीच सून पुढं १७६७ पासून १७९५ पर्यंत त्या मुलखाचा कारभार अशी करते की तिथली माणसं तिला आपली म्हणतात. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला खरा चमत्कार हा आहे. तो दाखवायचा तर आधी तिचं परकेपण दाखवावं लागेल. परकी कधी नव्हतीच तर आपली कशी झाली?

आता आजवर काय झालं ते बघू. २०२१ च्या जानेवारीत सोनीवर 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' ही हिंदी मालिका सुरू झाली. आमच्या घरात ती बघितली गेली, तुमच्याही घरात बघितली गेली असणार. छोट्या अहिल्येचं काम केलेल्या आदिती जलतारेनं मन जिंकलं, राजेश शृंगारपुरेंचा मल्हारराव रुबाबदार होता. देशभरातल्या लोकांना ही बाई कोण होती ते कळलं. एवढं श्रेय त्या मालिकेला द्यायलाच पाहिजे. पण चौंडी? ती सेटवरची चौंडी होती. मधूनमधून मराठी शब्द पेरलेली एकच गुळगुळीत हिंदी चौंडीतही आणि माळव्यातही. पोरगी एवढे डोंगर ओलांडून गेली, आणि बोलण्यात काहीच बदललं नाही! मग ती गेली कुठं?

त्याच्या आधी २००२ ला नचिकेत पटवर्धनांचा 'देवी अहिल्याबाई' हा चित्रपट आला होता. त्यात मल्हाररावांचं काम कुणी केलं होतं माहितीये? सदाशिव अमरापूरकरांनी. आपल्या नगरच्या माणसानं. आणि शबाना आझमी होत्या हरकूबाईंच्या भूमिकेत, म्हणजे मल्हाररावांची खांडाराणी, जिचं लग्न तलवारीशी लावून तिला घरात आणलं होतं. होळकरांच्या घरात अशाही बायका होत्या हे त्या सिनेमाला सांगावंसं वाटलं. आता सरकारच्या हातात सिनेमा आहे तर निदान त्याच्या मागं तरी जाऊ नये.

मला काय पाहिजे ते एकेक करून सांगतो.

पहिली गोष्ट भाषा. जामखेड, कर्जत, पलीकडं करमाळा, आष्टी या पट्ट्याची बोली वेगळी आहे, हे आपल्याला सांगायला नको. मी कर्जतचा आहे. कॉलेजला पुण्यात गेलो तेव्हा पहिलं वर्ष तोंड मिटून काढलं, कारण मी 'कुठं चाललास' म्हटलं की पोरं हसायची. 'सैराट' आला २०१६ ला. करमाळ्याच्या नागराज मंजुळेंनी आर्चीला तिच्या बोलीत बोलू दिलं, आणि जे हसायचे तेच तिचे डायलॉग मारत फिरू लागले. करमाळ्याच्या शेजारच्या गावातली अहिल्या मात्र आजवर कधी आपल्यासारखी बोललेली नाही. कुणी म्हणेल, १७३३ ची बोली आज कुणाला माहितीये? बरोबर आहे, जशीच्या तशी कुणालाच माहीत नाही. पण मग पुस्तकी मराठी तरी त्या काळच्या चौंडीची कुठंय? काहीतरी निवडायचंच आहे, तर सीनाकाठचं निवडा. लहानपणी ती आपल्या बोलीत बोलू दे, माळव्यात गेल्यावर तिकडचे शब्द हळूहळू तोंडात येऊ दे, आणि कुमक मागायला आलेल्या जुन्या माणसाशी बोलताना एकदम गावाकडचा सूर लागू दे. एवढ्यानं सिनेमाची उंची वाढेल, खर्च मात्र एक रुपयानं वाढणार नाही.

दुसरी गोष्ट धनगर समाज. जयंतीला भंडारा उधळायला सगळे पक्ष येतात. पिवळा फेटा बांधून फोटो सगळे काढतात. पण पडद्यावर धनगर म्हणजे काय? घोंगडं, काठी, एक बासरी, झालं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरणारे वाडे, रात्रीची वाघर, शेतात मेंढ्या बसवायचे सौदे, बिरोबाच्या ओव्या, गजीनृत्य, आणि वाटेत दर गावात होणारी भांडणं, हे ज्यानं जगलंय त्याला लिहू द्या ना. उलट्या बाजूनंही चूक होते. काही जण तिला 'मेंढपाळाची गरीब पोर' करून टाकतात, म्हणजे राजवाड्यात गेल्यावर जास्त नाट्य होतं. ती पाटलाची लेक होती. पाटलाच्या ओसरीवर गावाचे तंटे बसतात, वसुलीचा हिशेब होतो. त्या मुलीनं सासरी जायच्या आधी न्यायनिवाडा बघितला असणार. तिच्या कारभाराचं मूळ तिथंही शोधता येईल.

इथं लगेच एक प्रश्न येणार, मला माहितीये. 'मग काय जात बघून कलाकार घ्यायचे का?' नाही. अहिल्येचं काम कुणीही करावं, जिला जमेल तिनं करावं. पडद्यावरचा चेहरा एक असतो. पण पटकथा लिहिणारे चार-पाच जण असतात, भाषा शिकवणारा असतो, कपडेपट बघणारा असतो, इतिहासाचा सल्लागार असतो, आणि शंभर छोट्या भूमिका असतात. त्या खोलीत एक तरी माणूस असा असावा की जो म्हणेल, 'थांबा, आमच्यात असं करत नाहीत.' एवढं मागणं जातीयवादी वाटत असेल तर मग त्या खोलीत आजवर कोण बसत आलं, तेही एकदा मोजा.

जात न दाखवणं म्हणजे जात संपवणं, असा एक समज आपल्याकडं फार पसरलाय. एप्रिल २०२५ मध्ये 'फुले' चित्रपटाचं काय झालं ते बघितलंत ना? ११ तारखेला येणारा सिनेमा २५ ला आला. आक्षेप निघाले, सेन्सॉर बोर्डानं काही जातींचे उल्लेख काढायला किंवा बदलायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. जोतीराव-सावित्रीबाईंचा सिनेमा आणि त्यात जातीचं नाव अडचणीचं! अहिल्याबाईंच्या बाबतीत हे होणार नाही असं समजू नका. देवी केलं की जात, माती, भूक, राग सगळं आपोआप धुऊन निघतं. इतिहासाच्या कागदांत ती अहिल्याबाई आहे. आता सगळीकडं अहिल्यादेवी झालंय. भक्तीनं म्हणणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण देवीला अडचण येत नाही, देवीला चुकायची मुभा नसते, आणि देवीचं अनुकरण कुणी करत नाही, फक्त आरती करतात. बाई म्हटलं की आपल्या पोरीला वाटतं, मलाही जमेल.

तिसरी गोष्ट, ती ज्या माणसांत गेली ती माणसं. माळव्याच्या वाटांवर भिल्ल होते. वाटसरूंना लुटतात म्हणून त्यांना फक्त तुडवायचं, हा सोपा मार्ग होता. तिनं जरबही दाखवली, आणि त्यांचा वाटसरूंकडून थोडा कर घ्यायचा जुना हक्क, भिलकवडी, तो मान्य करून त्याच्या बदल्यात वाटेच्या राखणीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. हे राजकारण आहे, आजच्या गृहखात्यानंही शिकावं असं. महेश्वरला तिनं बाहेरून विणकर आणून वसवले, त्यातून महेश्वरी साडी उभी राहिली, आणि त्या मागांवर आजही हिंदू-मुसलमान दोघांचे हात चालतात. हे सगळे सिनेमात 'प्रजा' म्हणून हात जोडून मागं उभे राहणार, की त्यांना नाव, तोंड आणि एखादं वाक्य मिळणार? काशी विश्वनाथाचं देऊळ तिनं बांधलं हे सिनेमात येणारच, यायलाच पाहिजे, त्याचा अभिमान मलाही आहे. फक्त देवळं दाखवून विणकर गाळला तर अर्धी बाई गाळली असं होईल.

आणि आपल्याच जिल्ह्याचा एक माणूस तिच्या दरबारात पोचला होता, त्याला विसरू नका. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी. असं सांगतात की तो तमाशाचा फड घेऊन अहिल्याबाईंपुढं गेला, तिनं त्याला चार गोष्टी सुनावल्या आणि त्यानं तमाशा सोडून कीर्तन धरलं. खरं किती, दंतकथा किती, ते अभ्यासक बघतील. पण विचार करा. आयुष्य माळव्यात गेलेली चौंडीची बाई आणि डफ घेऊन आलेला संगमनेरी शाहीर समोरासमोर. ती त्याला झापतेय, पण मनातून गावाकडचा आवाज ऐकून बरंही वाटत असेल. मला दिग्दर्शक केलं तर मी हा एक सीन दहा मिनिटांचा करीन. तमासगीर कलावंतांची बाजूही त्यात येऊ दे. त्यांनी पोट कसं भरायचं, हेही कुणीतरी तिला विचारू दे.

चौथी गोष्ट बायकांची. ही सगळ्यात अवघड आहे. १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले. मल्हाररावांनी अहिल्येला सती जाऊ दिलं नाही, हे प्रत्येक सिनेमात, नाटकात असतं. पण खंडेरावांच्या इतर बायका सती गेल्या. त्यांची नावं कुठल्या पोराला विचारा, सांगता येणार नाहीत. पुढं १७९१ ला तिची स्वतःची मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईनं विनवण्या केल्या, ती थांबली नाही. ज्या बाईचा शब्द आख्खा मुलूख झेलत होता तिचा शब्द पोटच्या लेकीच्या बाबतीत चालला नाही. हे दाखवलं तर अहिल्याबाई लहान होतात का? मला तर उलट त्या खूप मोठ्या वाटतात. आणि तो काळ नेमका काय होता, ते पोरांना कळतं. हे गाळून नुसतं 'आमच्याकडं स्त्रीला केवढा मान' असं लावलं, तर ती त्या जळालेल्या बायकांशी बेइमानी आहे.

त्यातच बालविवाह येतो. आठ वर्षांची नवरी. मालिकेत ते गोड वाटतं. छोटे दागिने, छोटी पावलं, सासऱ्याची लाडकी. बरं, त्या काळी तसंच होतं, दाखवू नका असं मी म्हणत नाही. पण सिनेमा बघणार कोण? जामखेड, पाथर्डी, शेवगाव. इथून दर दिवाळीनंतर कारखान्यांकडं ट्रॅक्टर भरून जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते. म्हणून सीझनच्या तोंडावर सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न उरकलं जातं, हे आपल्याला माहीत नाही का? कायदा २००६ चा आहे, पोरगी आजची आहे. चौंडीच्याच तालुक्यात बालवधू गोड करून दाखवायची असेल तर जरा जपून. आईची ओटी सोडताना त्या पोरीच्या पोटात काय झालं असेल, ते दोन मिनिटं दाखवा. गोडवा आपोआप कमी होईल.

पाचवी आणि शेवटची गोष्ट म्हणजे तिचं काम. १७६५ मध्ये मल्हारराव तिला पत्रातून तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडं जायला आणि दारूगोळ्याची तजवीज करायला सांगतात. सासरा सुनेला तोफा सांगतोय! आपल्याकडं आज सासरे सुनेला ट्रॅक्टरची चावी देत नाहीत. महेश्वर दरबारची बातमीपत्रं छापलेली आहेत, होळकरशाहीची साधनं छापलेली आहेत, विनया खडपेकरांचं 'ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर' आहे. साहित्य भरपूर पडलंय. हिशेब, निवाडे, हेर, पत्रव्यवहार, राघोबादादा चालून आल्यावरचं राजकारण. हे दाखवायला व्हीएफएक्स लागत नाही, वाचन लागतं.

काही मित्र म्हणतील, 'अरे, सिनेमा आहे, एवढं काय?' तर 'बाजीराव मस्तानी' आठवा. २०१५. तीसुद्धा परमुलखातून आलेल्या बाईचीच गोष्ट. महाराष्ट्रात वाद कशावर पेटला? काशीबाई पिंगा नाचल्या का, यावर. बुंदेलखंडातून आलेल्या त्या बाईला पुण्यात कसं वागवलं गेलं, यावर आपण किती बोललो? वाद घालायची खुमखुमी आपल्याला आहेच, ती योग्य जागी लावू एवढंच.

आणि होळकरांचं घर या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळं होतं, हेही सांगतो. १९२८ ला याच घराण्यातल्या तिसऱ्या तुकोजीरावांनी अमेरिकेतल्या सिएटलच्या नॅन्सी मिलर या मुलीशी लग्न केलं. तिनं हिंदू धर्म स्वीकारला, शर्मिष्ठादेवी नाव घेतलं आणि धनगर समाजानं तिला आपल्यात घेतलं. केवढा गदारोळ झाला असेल तेव्हा. आज आपल्या जिल्ह्यात मुली मिळत नाहीत म्हणून लांबलांबच्या जिल्ह्यांतून, दुसऱ्या राज्यांतून सुना आणतात. त्या सुनेच्या बोलण्याला हसतात, तिच्या जातीची चौकशी पाठीमागं करतात. त्या सुनांनी हा सिनेमा बघावा, आणि त्यांना वाटावं की ही माझीही गोष्ट आहे. असं झालं तर तो सरकारी पैसा सत्कारणी लागला म्हणेन.

जिल्ह्याचं नाव बदललं. काहींना आनंद झाला, काहींच्या तोंडात अजून 'नगर'च येतं, माझ्याही येतं. त्या वादात मी पडत नाही. पण नाव लावलं की जबाबदारी येते. पाटीवर अहिल्या आणि पडद्यावर तिची बोली नाही, तिचे लोक नाहीत, असं झालं तर ते नाव फक्त पाटीपुरतं राहील.

तर करायचं काय? एक, आपापल्या आमदाराला, जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी निवेदन द्या की पटकथेसाठी जी कुणी मंडळी नेमाल त्यांनी चौंडी, जामखेड, कर्जत भागात येऊन लोकांशी बोलावं. दोन, आपल्याकडच्या ओव्या म्हणणाऱ्या, गजी नाचणाऱ्या, मेंढरांमागं चालणाऱ्या माणसांची नावं काढून ठेवा, विचारायला आले तर द्यायला हवीत. तीन, शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांनी मुलांकडून आजी-आज्यांच्या तोंडची गाणी, म्हणी, शब्द लिहून घ्यावेत. सिनेमाला उपयोग झाला तर झाला, नाहीतर आपल्याला होईलच.

मी स्वतः निवेदनाचा मसुदा या आठवड्यात लिहितोय. ज्यांना सही करायचीये त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. आणि ज्यांच्या आजीला चौंडीच्या जत्रेची, अहिल्याबाईंची एखादी ओवी येत असेल, त्यांनी ती आधी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. सरकारच्या सिनेमाला किती वर्षं लागतील माहीत नाही, आजीचं वय मात्र थांबत नाही.